मापाला उभी केलेली

“चोळी सोड,” आईसाहेब म्हणाल्या.

मला वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी म्हणाल्या. मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. खोलीत आम्ही पाचजण. वेताच्या खुर्चीत आईसाहेब. पडद्याआड त्यांची लेक, ताईसाहेब. दारात माझी सासू, झाडता झाडता थांबलेली. टेबलाशी पुण्याच्या लष्कर भागातून आलेला शिंपी, ओठांत टाचण्या धरलेल्या. आणि मी.

“तुलाच म्हणतेय. चोळी सोड आणि खिडकीशी उजेडात उभी राहा.”

मी पदर आवळून धरला. म्हणाले, “आवं आईसाब, मास्तर हाईत की हितं.”

“मास्तरांसाठीच तर सांगतेय. ताईसाहेबांना गोशा आहे. तुला गं कसला गोशा?”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हसणाऱ्याला निदान कळलेलं असतं की आपण काही वेडंवाकडं बोललो. आईसाहेबांनी ते अगदी साध्या आवाजात विचारलं. घोड्याला कशाला पागोटं, असं विचारावं तसं. त्यांच्या दृष्टीनं त्यात अपमान नव्हताच.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. कपाळाला कुंकू होतं. आमच्यात सून सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही.

बंगला सांगलीत होता, कृष्णेपासून हाकेच्या अंतरावर. सरदार घराणं. नाव सांगत नाही. अशी घरं तेव्हा पुष्कळ होती आणि कुणाचंही नाव घातलं तरी चालेल. आम्ही माणदेशातले धनगर. दोन सालं पाऊस फिरकला नाही. मेंढरं मेली, उरली ती खाटकाच्या दावणीला गेली. नवरा पलटणीत खेचरं सांभाळायला गेला. ब्रह्मदेशाकडे आहे म्हणत, खरं-खोटं कुणाला ठाऊक. सासू आणि मी चालत सांगलीला आलो. बंगल्याच्या मागे पागेला लागून एक खोली मिळाली आणि दोन वेळचं उरलंसुरलं. ती खोली सुटली की रस्ता. हे सासू मला रोज सांगायची, मला ठाऊक असलं तरी.

आता तो शिंपी कशाला आला होता ते सांगते.

ताईसाहेबांचे यजमान लष्करात कप्तान. लढाई संपत आली होती. उन्हाळ्यात महाबळेश्वरला गोऱ्या साहेबांच्या क्लबात मेजवान्या ठरल्या होत्या, नाच ठरले होते. जावयांची बढती साहेबाच्या मर्जीवर. तेव्हा ताईसाहेबांनी मडमांत मडमेसारखं दिसायचं, असं घरात ठरलं. त्यासाठी तीन पोशाख. एक निळा झगा, दोन्ही खांदे उघडे. एक जॉर्जेटची साडी, तिच्यावरचं पोलकं इतकं झिरझिरीत की आतलं सगळं दिसावं. आणि तिसरं एक जंपर, म्हणजे विलायती बेताचं पोलकं, त्याची पाठ जवळजवळ कमरेपर्यंत मोकळी. तिन्हींच्या आत घालायला बिनपट्ट्यांची बॉडीस हवी होती. खांद्यावर काही दिसता कामा नये, आणि जागची हलताही कामा नये. विलायती मासिकातलं चित्र कापून आणलं होतं. चित्रातली बाई हसत होती.

मास्तरनं ते आईसाहेबांना समजावून सांगितलं ते मला अजून पाठ आहे. त्याच्याशी माझं पुढे वाकडं आलं, पण त्याला काम येत होतं हे खोटं कशाला बोलू.

“तिन्हींला तीन वेगळ्या लागतील, बाईसाहेब. झग्याखाली लांब, कमरेपर्यंत. भार कमरेवर जातो. जॉर्जेटखाली आखूड आणि गुळगुळीत, शिवण वर उमटली की गेलं काम. पाठ उघडी असेल तर मागची पट्टी खाली कमरेशी न्यायची आणि कापड ताठ राहायला पुढून कामट्या घालायच्या. एकीवर तिन्ही भागवाल तर फजिती होईल.”

“माप पाठवलंय ना?” आईसाहेब म्हणाल्या.

माप म्हणजे ताईसाहेबांची जुनी चोळी. आमच्या भागात शिंपी बाईला हात लावत नाही. जुनी चोळी द्यायची, तिच्यावरून तो नवी बेततो. राणी असो की धनगरीण, रीत एकच. मास्तरनं ती चोळी बोटांनी उचलली आणि परत ठेवली.

“ह्याच्यावरून नाही होत. चोळीला खांदा आहे, बाही आहे, खाली गाठ आहे. इकडं सैल झालं तर तिकडं आवळतं. ह्या बॉडीसला खांदा नाही. मग धरणार कोण? बरगडी धरणार. रबराची नाडी असती तर निभलं असतं, पण लढाईपायी रबर कुठं मिळत नाही. कापड अंगावर टाचून बेतावं लागेल. ताईसाहेबांना उभं राहावं लागेल.”

आईसाहेबांचा चेहरा कडक झाला. “ते होणार नाही.”

मला तेव्हा हे कळलं नव्हतं, पुढे पुष्कळ दिवसांनी कळलं. ताईसाहेब उघड्या खांद्यांनी साहेबांसमोर जाणार होत्या. त्याला घरात कुणाची हरकत नव्हती. शिंप्यासमोर उभं राहणं मात्र होणार नव्हतं. म्हणजे गोशा अंगाला नव्हता. समोरचा कोणत्या पायरीवर उभा आहे, ते बघून पडदा ओढायचा की उघडायचा ते ठरत होतं. आणि माझ्यासारखीला तर पायरीच नव्हती.

पडद्याआडून ताईसाहेब म्हणाल्या, “आई, माझी जुनी पोलकी हिला बरोबर येतात. हिच्यावर बेता.”

खरं होतं. मागच्या दिवाळीला त्यांची दोन पोलकी मला दिली होती. बेतून शिवल्यासारखी बसली होती. सासूनं दोन्ही हातांनी दृष्ट काढली होती. मला इतका आनंद झाला होता की मी ती घालून विनाकारण विहिरीवर दोन खेपा जास्त केल्या. तो आनंद असा अंगाशी आला.

मी सासूकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, “ऱ्हा की उबी. काय झिजत न्हाईस. अडला हरी, गाडवाचं पाय धरी.”

मी चोळीची गाठ सोडली.

पुढचं फार सांगता येत नाही, कारण मी तिथे नव्हतेच म्हटलं तरी चालेल. खिडकीबाहेर चिंचेचं झाड होतं. त्याच्या एका फांदीवर किती शेंगा आहेत ते मी मोजत राहिले. चौदा होत्या. मास्तरनं रेशमी कापड अंगावर लावलं. जावयांनी लष्करातून आणलेलं, विमानातून उडी मारतात त्या छत्रीचं रेशीम. असं मऊ कापड माझ्या अंगाला त्याआधी कधी लागलं नव्हतं आणि नंतरही नाही. मास्तरची बोटं थंड होती. तो वाईट नजरेचा नव्हता, हेही सांगते. त्याची नजर माझ्याकडे नव्हतीच. तो ताईसाहेबांचं कापड बघत होता. आईसाहेब त्याच कापडाकडे बघत होत्या. पडद्याची फट किलकिली करून ताईसाहेबही तेच बघत होत्या. मी कुणालाच दिसत नव्हते.

मी पोट पाठीला लावलं. खांदे आत ओढले. श्वास पुरता सोडून धरला, अगदीच जीव गुदमरला की घोटभर घ्यायचा आणि पुन्हा सोडायचा. अंग जेवढं लहान करता येईल तेवढं केलं. तेवढंच माझ्या हातात होतं. मास्तर म्हणाला, “हं. अशीच राहा. बेस.”

दोन तास गेले. संपलं तेव्हा आईसाहेब म्हणाल्या, “हिला आज वरण द्या.”

मी ते वरण खाल्लं. कशाला लपवू? भूक होती. चव मात्र कळली नाही. सासू म्हणाली, “बघ, मेलीस का?” मी म्हणाले, “न्हाई.” खोलीत येऊन पडले. रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही. त्यानंतर कित्येक दिवस मी भांडी घासली, पाणी भरलं, लादी पुसली, आणि हे सगळं दुसरीच कुणी करते आहे असं मला वाटायचं. अंग सुन्न. कुणी चिमटा काढला असता तरी कळलं नसतं.

पहिली बॉडीस, निळ्या झग्याखालची, मास्तरनं पुण्याहून परभारे महाबळेश्वरला पाठवली. ताईसाहेबांनी ती तिथेच घातली. दोघी बायकांनी ओढून हुक लावले. जरा आवळत होती, पण त्यांना वाटलं घट्ट म्हणजे पक्की. उभं असेपर्यंत पक्कीच होती. नाच सुरू झाला, दम लागला, छाती भरून श्वास घ्यायला गेल्या आणि कुशीतले हुक तटातटा तुटले. बॉडीस झग्याच्या आत सरकत पोटापर्यंत आली. दोन्ही हात कुशीला घट्ट दाबून त्या भर दिवाणखान्यातून बाहेर पडल्या. कुणा मडमेनं अंगावर शाल टाकली म्हणे.

ही बातमी सांगलीला त्यांच्या आधी पोचली. मागच्या अंगणात बायका कुजबुजल्या, “नाचता यीना, अंगण वाकडं.” हसल्या. मीही हसले. त्यांची लाज गेली म्हणून मला बरं वाटलं, हे मान्य करते. ते बरं वाटणं अर्धा दिवस टिकलं.

मंगळवारी मास्तरला पुन्हा बोलावलं. मलाही. तीच खोली, तीच माणसं. पडदा ओढलेला. आतून ताईसाहेबांच्या मुसमुसण्याचा आवाज येत होता. मास्तरनं फाटलेली बॉडीस उलटी केली, शिवण चाचपली, मग पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“बाई, त्या दिवशी तू श्वास कसा घेत होतीस?”

त्या बंगल्यात मला माझ्याविषयी कुणी काही विचारलं, ते हे पहिल्यांदा.

“घेत न्हवते,” मी म्हणाले.

मास्तरनं मान हलवली. “बाईसाहेब, ही श्वास रोखून उभी होती. दीड इंच त्यात गेलं. चूक कापाची नाही.”

“म्हणजे हिनं मुद्दाम केलं,” आईसाहेब म्हणाल्या.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते असं. मास्तरनं टाचण्या परत ओठांत धरल्या. त्याला तीन बॉडीस शिवायच्या होत्या. सासू पुढे धावली. “न्हाई वो आईसाब, येडी हाय ती. लाजली आसंल.”

“लाजायला काय झालं? आम्हीच तर आहोत इथं.” आईसाहेब माझ्याकडे वळल्या. रागावलेल्या नव्हत्या. समजूत घालत होत्या. “हे बघ. आता पुन्हा पहिल्यापासून तिन्ही बेतायच्या आहेत. दर मंगळवारी मास्तर येतील. तू मोकळेपणानं उभी राहायचंस. छान श्वास घ्यायचास. मनात काही आणायचं नाही. सोड चोळी.”

तेव्हा पहिल्यांदा मला काहीतरी लागलं. इतके दिवस सुन्न पडलेल्या पायाला मुंग्या याव्यात तसं. अंग त्यांनी घेतलंच होतं. दोन तास घेतलं, वरण देऊन परत केलं. आता त्यांना माझी लाजही काढून हवी होती. ती मध्ये येत होती. तिच्यापायी कापड नीट बसत नव्हतं. उद्या मी खरंच मोकळी उभी राहिले, खरंच मनात काही आलं नाही, तर मग त्या म्हणत होत्या तेच खरं ठरणार होतं. हिला कसला गोशा.

माझे हात गाठीवर होते. मी गाठ आणखी आवळली.

“न्हाई सोडत,” मी म्हणाले.

“काय?”

“न्हाई सोडत. आब्रू तुमची न् आंग माजं, आसं न्हाई जमायचं. ज्येचं कापड हाय त्येनं हुबं ऱ्हावं. ताईसाबांस्नी हुबं करा.”

पडद्यामागचं मुसमुसणं थांबलं. सासूनं माझ्या थोबाडीत मारली. जोरात. मला ती लागली आणि लागल्याचं बरं वाटलं, कारण बऱ्याच दिवसांनी काहीतरी लागलं होतं.

“आगं आवदसे, कुटं जायाचं आता?”

आईसाहेबांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, “दुपारच्या आत खोली मोकळी करा.”

आमचं गाठोडं एकच होतं. फाटकापर्यंत सासू माझ्याबरोबर आली. तिथे थांबली. “म्हागारी चल. पाया पड त्येंच्या. एकडाव पडलीस तर काय व्हतंय?”

“तुमी जावा, मामी. मी न्हाई,” मी सासूला म्हणाले.

“तू जा तिकडं खुशाल. माजं हाड हितंच पडू दे.” आणि ती खरंच मागे फिरली. म्हातारी होती. उपास तिनं माझ्यापेक्षा जास्त पाहिले होते. मी तिला दोष देत नाही असं म्हणेन, पण ते खोटं होईल. मी तिला दोष देते.

सांगलीत हळदीच्या वखारी. तिथे हळद निवडायला बायका लागतात. मी लागले. वखारीच्या पडवीत राहायला मिळालं. हात, नखं, पदर, सगळं पिवळं. मला वाटलं होतं, नाही म्हटल्यावर काहीतरी मोठं होतं. आभाळ फाटतं, नाहीतर उजाडतं. काही झालं नाही. मी तशीच सुन्न होते, फक्त आता पोटही रिकामं होतं. एक मात्र होतं. मी म्हणायचे, माझ्यापुरतं तरी ते थांबलं.

तीनएक आठवड्यांनी कृष्णेच्या घाटावर गंगू भेटली. बंगल्यावर पाणी भरणारी, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, अंगानं माझ्याच मापाची, नवरा मेलेला, दोन पोरं. धुणं आपटत होती. मला बघितलं आणि मान खाली घातली. मी जवळ बसले. तिनं आणखी एक लुगडं आपटलं. मग बोलली.

“तुज्याजागी मला हुबी केली. तुज्या सासूनंच नेली हात धरून.”

मी पाण्यात पाय सोडले.

“दोन झाल्या. झग्याची न् त्या झिरझिरीत पोलक्याची. पाठ उगडी आसती ती ऱ्हायली. ती मंगळवारी.” तिनं धुणं पिळलं. “मी श्वास घेतला बाई. त्येंनी सांगितला तसा. मोठा मोठा. मास्तर म्हनला, लय झ्याक बसली.” मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, “तू न्हाई म्हनलीस म्हनून तर माज्यावर आलं गं.”

ती भांडायला आली नव्हती. जे होतं ते सांगत होती. मी पाण्यात पाय सोडून बसले होते, आणि मला पाणी गार लागत होतं. किती दिवसांनी. मग अंगभर संताप आला. आईसाहेबांचा आला, मास्तरचा आला, सासूचा आला. सगळ्यात जास्त माझाच आला. मी माझी चोळी आवळून फाटकाबाहेर पडले होते आणि त्याला सुटका समजून बसले होते. खिडकीशी जागा रिकामी राहिली, एवढंच मी केलं. रिकामी जागा ते भरणारच होते. त्यांना मी नकोच होते. त्यांना कुणीही चाललं असतं, फक्त त्यांच्यातलं कुणी नको होतं.

“मंगळवारी तू जायाचं न्हाईस,” मी म्हणाले.

“आन् माजी पोरं?”

“माज्याजवळ हळदीच्या वखारीत येतील. मी एकवेळ खाईन.”

ती हो म्हणाली नाही. नाही पण म्हणाली नाही.

वखारीत आम्ही सातजणी एका ओळीत बसायचो. मी सगळ्यांना सांगितलं. चोळी सोडल्यापासून सगळं. शेंगा मोजल्या तेही. हे मी कुणाला सांगेन असं मला कधी वाटलं नव्हतं. एकजण उठून बाहेर गेली. एकजण म्हणाली, शी, असलं तोंडानं बोलू नये. एकजण हळद निवडता निवडता म्हणाली, “माजंबी झालंय. मिरजंत. चोळीचं नव्हं, दुसरं.” आणि थांबली. कुणी तिला पुढचं विचारलं नाही.

मंगळवारी माझ्यासकट चौघी आलो. तिघी आल्या नाहीत. आम्ही बंगल्याच्या फाटकात रस्त्यावर बसलो, पिवळ्या हातांनी. मास्तर टांग्यातून उतरला. त्यानं मला ओळखलं. मी म्हणाले, “मास्तर, कापड आत न्या. पर बाई आतलीच हुबी करा. भाईरची मिळायची न्हाई.” तो पिशवी हातात धरून तसाच उभा राहिला. आतून गंगू पाण्याची घागर घेऊन आली, आमच्याकडे बघत राहिली, आणि घागर तिथेच खाली ठेवून आमच्यात येऊन बसली.

आतून सासूनं पाहिलं. ती बाहेर आली नाही.

मग पहारेकरी आला, काठी घेऊन. “उठा. किती येळ बसनार हाय हितं?”

“मास्तर येतोय तवर,” मी म्हणाले. “फुडल्या मंगळवारीबी. त्येच्या फुडल्याबी. आतल्या बाईचं कापड आतल्या बाईच्या आंगावर बेतलं जाईस्तवर मी हितनं हलत न्हाई. कुणाला सांगायचं त्येला सांग.”

त्यानं काठी उचलली. मी उठले नाही.